महापौराला यमक मिळेना

सत्त्याण्णव सालच्या सुरुवातीला नाशिक महापालिकेची निवडणूक लागली आणि हिरामण देवऱ्यांकडे आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी कविता मागायला आलं. त्याआधी त्यांनी ज्या केल्या त्या सगळ्या न मागता केल्या होत्या.

देवरे एका सरकारी कचेरीत आवक-जावक शाखेचे मुख्य लिपिक होते. मूळ गाव देवळा, पण वीस वर्षांपासून मुक्काम सिडकोच्या पलीकडे, अंबडच्या वाटेवरच्या सुयोग कॉलनीत. कचेरीत कोणीही निवृत्त झालं की देवरे त्याच्यावर निरोपाची कविता करायचे आणि स्वतःच वाचायचे. निवृत्त होणाऱ्याला त्या दिवशी हार गळ्यात असताना उठून जाता येत नाही, त्यामुळे श्रोता हक्काचा मिळायचा. त्यांच्या पत्नी मीनाताई म्हणायच्या, की कचेरीत दोन माणसांनी तुमच्या कवितेच्या भीतीनं बदली मागून घेतली. हे खरं नव्हतं. एकानंच मागितली होती.

मागायला आलेला माणूस म्हणजे शेजारच्या गल्लीतला दिनेश डेर्ले. याचं निफाडच्या रस्त्याला द्राक्षबागेच्या औषधांचं दुकान. दोन वर्षांपासून तो वॉर्डातल्या प्रत्येक घरी स्वतःचा फोटो छापलेलं दिवाळीचं शुभेच्छापत्र टाकत होता आणि फोटोखाली 'भावी नगरसेवक' असं लिहीत होता. वॉर्डांच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. दिनेशनं एक दिवस जेवण टाकलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळचं एकदम जेवला आणि बायकोच्या नावानं अपक्ष म्हणून फॉर्म घेऊन आला.

बायको म्हणजे मोहिनी. घराच्या खालच्या अंगाला तिची पिठाची गिरणी होती. बोलायला कमी, पण नंबराला कडक. डबा ज्या क्रमानं आला त्याच क्रमानं दळला जाणार. पाहुणे आलेत, गॅसवर तवा ठेवून आलेय, असली सबब तिथं चालत नसे. खुद्द सासूचं दळणसुद्धा रांगेत असे, आणि सासू तिथं उभी राहून आपल्याच सुनेबद्दल रांगेतल्या बायकांशी बोलत असे. फॉर्मवर सही करताना मोहिनी एवढंच म्हणाली, की गिरणी दुपारची बंद ठेवता येणार नाही.

पण दिनेशची उडी मोठी होती. यंदा महापौरपदाची चिठ्ठीही बाईचीच निघणार, अशी आवई शहरात उठली होती. तेव्हा नगरसेवक वगैरे मधली पायरी सोडून थेट महापौराचीच घोषणा पाहिजे, असं त्याचं म्हणणं. त्या वेळी देवऱ्यांकडे कॉलनीतले निवृत्त शिक्षक गायधनी सर पेपर वाचायला आलेले होते. त्यांनी चष्म्यावरून बघत सांगितलं, की महापौर लोक निवडत नाहीत, निवडून आलेले नगरसेवक आपल्यातून निवडतात. म्हणजे भिंतीवरची घोषणा जे वाचणार त्यांना त्या पदासाठी मत नाही, आणि ज्यांना मत आहे ते अजून निवडूनच आलेले नाहीत. यावर दिनेशनं थोडा विचार केला आणि म्हणाला, "सर, एवढं बारीक कोण बघतं?"

देवऱ्यांनी दोन दिवसांची किरकोळ रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'घरगुती अडचण' लिहिलं आणि ते पुढं खरंच झालं.

अडचण अशी, की मराठी भाषेत महापौर या शब्दाला धड यमक नाही. आमदाराला दमदार आहे, नगरसेवकाला लोकसेवक आहे, सरपंचाला प्रपंच आहे. ज्यांनी महापौर हा शब्द घडवला त्यांनी पुढं कोणाला त्याची घोषणा करावी लागेल याचा विचारच केला नाही. देवऱ्यांनी चाळीस पानी वही घेतली. 'सूर' चालेना, 'दूर' तर उमेदवारालाच दूर नेई. 'सौर' घेतला तर पाणी तापवायचे बंब आठवत. 'और' लिहून पाहिला, तेव्हा गायधनी सर म्हणाले की मराठी घोषणेत हिंदी शब्द घालायचा असेल तर उद्यापासून मी पेपर दुसरीकडे वाचेन. मीनाताईंनी सुचवलं, की यमकच कशाला, सरळ लिहा ना, बाई चांगली आहे, मत द्या. देवऱ्यांनी वहीचं पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात त्यांना शब्द सापडला. गौर. अंगावर दोन तांबे घेऊन पंचा गुंडाळून ते बाहेर आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्यांनी म्हणून दाखवलं:

"सुखसमृद्धी घेऊन दारी आली सोन्याची गौर, नाशिक नगरीला लाभली मोहिनीताई महापौर."

मीनाताई पोळी उलटत म्हणाल्या, की गौर चांगली आहे, पण तिसऱ्या दिवशी बोळवतात. हे देवऱ्यांच्या कानावर पडलं नाही. नुकती कविता झालेल्या माणसाला घटकाभर काही ऐकू येत नाही.

भिंती रंगवायला शौकत पेंटर आला. जुन्या नाशकातला हा माणूस वीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवत होता, आणि शब्दांकडे तो सुतार लाकडाकडे बघतो तसा, लांबी-रुंदीनं बघायचा. त्यानं कागद वाचला, भिंतीकडे बघितलं, पुन्हा कागद वाचला. "काका," तो म्हणाला, "ही कंपाउंडची भिंत आहे, किल्ल्याची नाही. लाभलीपर्यंत जाईल. कोण लाभली ते शेजारच्यांच्या गेटवर येईल."

देवऱ्यांनी जागेवर उभं राहून एकेक शब्द काढायला सुरुवात केली. सुखसमृद्धी गेली. सोनं गेलं. नाशिक नगरी जाताना त्यांना वाईट वाटलं, पण तिचा काना-मात्रांचा पसारा फार होता. शेवटी उरलं ते एवढं: 'घरी आली गौर, मोहिनीताई महापौर.' शौकत म्हणाला, आता बसतंय, वर निशाणीलाही जागा राहते. निशाणी शिट्टी मिळाली होती. दिनेशची कल्पना अशी, की शेजारी गौरीचा मुखवटा काढावा आणि तिच्या तोंडात शिट्टी द्यावी. शौकतनं ब्रश खाली ठेवला. देवीच्या तोंडात शिट्टी मी काढणार नाही, दुसरा पेंटर बघा, असं त्यानं शांतपणे सांगितलं. मग शिट्टी एकटीच भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात राहिली.

अकरा भिंती रंगल्या. त्यातली एक देवऱ्यांच्या स्वतःच्या कंपाउंडची. पुढचे तीन दिवस देवरे कचेरीला जाताना लूना सरळ रस्त्यानं न नेता अकराही भिंतींवरून नेत होते. एखाद्या भिंतीपाशी कोणी उभं असलं की ते गाडी बंद पडल्यासारखी थांबवायचे आणि त्याला विचारायचे, काय लिहिलंय हो, चष्मा घरी राहिला. लोक वाचून दाखवत. एका भाजीवालीनं वाचताना चाल लावली, तेव्हा त्यांनी गरज नसताना तिच्याकडून दोन जुड्या मेथी घेतली.

चौथ्या दिवशी सकाळी अकराही भिंतींवर घोषणेच्या खाली लाल रंगात एकेक ओळ वाढली होती: 'तिसऱ्या दिवशी विसर्जन.'

कॉलनी हसली. हसू आवरत नाही म्हणून लोक दुधाच्या पिशव्या घेऊन एकमेकांच्या दारात उभे होते. समोरच्या उमेदवाराकडे कोणीतरी लिहिणारा माणूस होता आणि त्याला तीनच शब्द लागले होते. गायधनी सर म्हणाले, वृत्तात नाही, पण नेमकं आहे. त्या दिवशी देवऱ्यांनी त्यांना चहा विचारला नाही.

मग सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं खाली आणखी एक ओळ टाका, कोणी म्हणालं लाल रंगावर चुना फासा. दिनेशनं सुचवलं, की 'घरी आली कायमची गौर' करू या. मीनाताईंनी विचारलं, की कायमची आलेली गौर कोणाला परवडेल, रोज सोळा भाज्या करणार कोण? वॉर्डात बायकांची मतं निम्मी होती, त्यामुळे हा मुद्दा दिनेशलाही पटला.

हे सगळं देवरे सोसून गेले असते. पण सोमवारी कचेरीत टपाल आलं. आवक शाखेचे मुख्य लिपिक या नात्यानं देवऱ्यांनी एकेक पाकीट फोडून, शिक्का मारून, नोंदवहीत नोंदवायला घेतलं. सातव्या पाकिटात 'एक जागरूक नागरिक' अशी सही असलेलं पत्र निघालं. आपल्या कार्यालयातील श्री. हिरामण देवरे हे शासकीय कर्मचारी असूनही एका महिला उमेदवाराचा प्रचार करत असून तिची घोषणा त्यांनीच रचली आहे, तरी वर्तणूक नियमांनुसार कारवाई व्हावी. आणि पुढं एक वाक्य होतं: 'सदर घोषणा अत्यंत सुमार दर्जाची आहे.'

देवऱ्यांनी पत्र तीनदा वाचलं. नोकरीला तीन वर्षं राहिली होती. कारवाई म्हणजे निलंबन, मग चौकशी, मग पेन्शन अडकणार. हे सगळं त्यांना पत्र वाचतानाच दिसलं. तरी खरं सांगायचं तर त्यांना लागलं ते शेवटचं वाक्य. पत्र खाली सरकवता आलं असतं; शेजारी कोणी बघत नव्हतं. पण एकतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एक कागद गहाळ झालेला नव्हता. त्यांनी शिक्का मारला, आवक क्रमांक घातला, विषयाच्या रकान्यात 'श्री. देवरे यांच्याविरुद्ध तक्रार' असं वळणदार अक्षरात लिहिलं आणि फाईल स्वतः साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

साहेब वाईट माणूस नव्हता. निवडणुकीच्या धामधुमीत असला कागद आला की त्याला उत्तर द्यावंच लागतं, एवढंच. त्यांनी पत्र वाचलं, पंख्याकडे बघितलं आणि म्हणाले, "देवरे, एक कारणे दाखवा नोटीस तयार करा."

"कोणाला, साहेब?"

"तुम्हाला. दुसऱ्या कोणाला मसुदा जमत नाही इथं."

देवऱ्यांनी मसुदा केला. पहिला परिच्छेद कसाबसा झाला, पण दुसऱ्यापासून रंगत आली. 'आपले वर्तन शासकीय सेवकास अशोभनीय असल्याचे सकृद्दर्शनी दिसून येते' या वाक्यावर त्यांना समाधान वाटलं. साहेबांनी सही केली. देवऱ्यांनी नोटिशीला जावक क्रमांक घातला, पाकिटात घालून बंद केली, पाकिटावर स्वतःचं नाव लिहिलं, पोचवहीत सही करून ती स्वतःकडून स्वीकारली आणि मग जागेवर बसून पाकीट फोडून वाचली. वाचल्यावर ते घाबरले. नोटीस फारच कडक झाली होती. उत्तराला तीन दिवसांची मुदत होती, तीही त्यांनीच घातलेली.

त्या संध्याकाळी घरी उत्तर लिहायला बसले. मीनाताईंचं म्हणणं सरळ होतं. ओळ माझी नाही, असं लिहा आणि मोकळे व्हा. मुलीचं लग्न व्हायचंय, यमक काय पुन्हा जुळेल. देवऱ्यांनाही पटत होतं. 'सदर घोषणेचा कर्ता मी नाही,' हे पाच शब्द लिहायचे होते. त्यांनी 'सदर घोषणेचा कर्ता' एवढं लिहिलं आणि थांबले. पुन्हा नवा कागद घेतला. शहरात अकरा भिंतींवर आपली ओळ आहे, लोक हसले तरी ती वाचून हसले, आणि तिला आता मी ओळखत नाही म्हणायचं. शेवटी त्यांनी एक असं उत्तर तयार केलं, की ज्यात दोन पानं होती आणि ओळ कोणाची हे कुठंच आलं नव्हतं. मीनाताईंनी ते वाचलं, दोन्ही पानांत दुसऱ्या दिवशीच्या भाकरी बांधल्या असत्या इतक्या रागानं घडी घातली आणि गहू नसतानाही डबा घेऊन गिरणीवर गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, साहेबांच्या समोर देवरे उभे असताना, मोहिनी कचेरीत आली. गिरणीवरून तशीच निघाली असावी; पदराला आणि भुवयांना पीठ होतं. सोबत दिनेश नव्हता. बसायला सांगितल्यावरच बसली आणि म्हणाली, की ती घोषणा मी केली आहे. तसं लिहून द्यायला आले.

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग देवऱ्यांकडे. "तुम्ही कविता करता?"

"गिरणी चालू असली की बोललेलं ऐकू येत नाही. मग मनातल्या मनात काहीतरी चालतं."

साहेबांना गंमत वाटली असावी, किंवा संशय आला असावा. ते म्हणाले, मग आणखी एखादी ऐकवा. देवऱ्यांनी डोळे मिटले. सगळं संपलं असं त्यांना वाटलं. मोहिनीनं खिडकीबाहेर बघितलं. मग भाव सांगावा तशी म्हणाली:

"दाण्यामागून दाणा जातो, ज्याचा त्याचा नंबर येतो."

देवऱ्यांनी पाठीमागे धरलेल्या हाताच्या बोटांवर अक्षरं मोजली. नऊ आणि नऊ. पुन्हा मोजली. तेवढीच भरली. साहेबांच्या तोंडून "वा" निघालं, आणि गेल्या एकतीस वर्षांत देवऱ्यांच्या एकाही निरोपाच्या कवितेला साहेब लोकांच्या तोंडून 'वा' निघालेलं नव्हतं. मोहिनीनं लेखी निवेदन दिलं. देवऱ्यांनी त्याला आवक क्रमांक घातला, आणि साहेबांच्या शेऱ्यानुसार 'प्रकरण नस्तीबंद' असं लिहून फाईल बांधून टाकली.

जिन्यावर त्यांनी तिला गाठलं. आभार कसे मानावेत ते कळेना. खोटं बोलावं लागलं तुला माझ्यापायी, असं काहीतरी ते पुटपुटले.

"राहू द्या काका," मोहिनी म्हणाली. "काकू काल गिरणीवर रडल्या. आणि खरं सांगू का, ती गौर मला पहिल्यापासून आवडली नव्हती."

एवढं बोलून ती गेली. तिच्या गिरणीवर नंबर लावून लोक बसले होते.

साहेबांच्या खोलीतली ओळ कचेरीतून बाहेर कशी पडली कोण जाणे, पण दोन दिवसांत ती वॉर्डभर झाली. शौकतनं अकरा भिंतींवरची गौर चुन्यानं पुसली आणि दाण्यामागून दाणा लिहिला. मोजून बघितलं तर तीही भिंतीत बसत होती. गिरणीच्या रांगेत आयुष्यात एकदा तरी उभी राहिलेली प्रत्येक बाई ती ओळ वाचून मान हलवायची. पाणी, गटार, दिवे, ज्याचा नंबर आहे त्याचं आधी होईल, आणि ही बाई ते करील, एवढं त्यांना त्यात दिसत होतं. समोरच्या माणसाला तिच्याखाली लिहायला तीन शब्द सापडले नाहीत. मोहिनी एकेचाळीस मतांनी निवडून आली. महापौरपदाची आवई आवईच राहिली. महापौरपदाच्या शर्यतीत मोहिनीचं नावसुद्धा कुठं नव्हतं. दिनेशनं पुन्हा एक दिवस जेवण टाकलं. मोहिनीनं दुपारची गिरणी चालू ठेवली.

इथं खरं म्हणजे संपायला हवं होतं. पण एका वर्तमानपत्रानं निवडून आलेल्या महिलांची माहिती छापताना मोहिनीच्या नावापुढं 'कवयित्री' असं लिहिलं. कचेरीत लेखी निवेदन होतं, ते नाकारणार कसं? वॉर्डातल्या वाचनालयानं पाडव्याला काव्यसंध्या ठरवली आणि कवयित्री नगरसेविकांना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं. वाचायला स्वतःची कविता आणावी, अशी विनंती होती. ते पत्र घेऊन मोहिनी देवऱ्यांच्या दारात आली आणि म्हणाली, की एक ओळ मला अचानक सुचली, सहा कडवी सुचायची नाहीत. ती आता तुम्हीच द्या.

देवऱ्यांनी पुन्हा किरकोळ रजा टाकली. या वेळी भिंतीची अट नव्हती. गोदावरी आली, सुखसमृद्धी आली, सोनंसुद्धा आलं. सहाच्या जागी नऊ कडवी झाली.

पाडव्याला वाचनालयाचं दालन भरलं होतं. मोहिनीनं कविता वाचली, न अडखळता, दळणाची यादी वाचावी तशी. टाळ्या पडल्या. टाळ्या नेहमी पडतात तेवढ्याच होत्या, पण देवऱ्यांनी पहिल्यांदाच आपल्या कवितेला पडलेल्या टाळ्या हार न घातलेल्या माणसांच्या हातांनी वाजताना ऐकल्या. आणि मग सूत्रसंचालकानं जाहीर केलं, की कॉलनीतले ज्येष्ठ रहिवासी श्री. देवरे आता आभार मानतील.

देवरे माईकपाशी गेले. आभाराचे दोन शब्द त्यांनी पाठ केले होते, पण तोंडून कवितेबद्दल निघालं. अशी कविता बऱ्याच वर्षांनी ऐकली, असं ते म्हणाले. दुसऱ्या कडव्यातला गोदावरीचा उल्लेख किती सहज आला आहे ते त्यांनी सांगितलं. पाचव्या कडव्यातली उपमा त्यांनी पुन्हा म्हणून दाखवली आणि लोकांच्या ध्यानात न आलेला तिचा दुसरा अर्थ उलगडला. आपल्या कवितेची स्तुती करायला माणसाला जन्मभर लाज वाटते. इथं ती दुसऱ्याची होती, आणि बोलायला तर जाहीर नाव घेऊन बोलावलं होतं. सात मिनिटं झाली. पहिल्या रांगेत मीनाताईंनी घड्याळ लावलेला हात दोनदा वर केला. गायधनी सर खाली मान घालून हसत होते. आठव्या कडव्यातल्या यमकाकडे देवऱ्यांनी रसिकांचं खास लक्ष वेधलं आणि म्हणाले, की असं यमक शिकवून येत नाही, ते उपजतच असावं लागतं.

मोहिनीला अवघडल्यासारखं झालं. व्यासपीठावर बसलेल्या माणसानं अशा वेळी दोन शब्द नम्रपणे बोलायचे असतात, एवढं तिला या दोन महिन्यांत कळलं होतं. तिनं शेजारचा माईक ओढला.

"काकांचं मन मोठं आहे," ती म्हणाली. "पण कविता काही तेवढी चांगली नाही. लांबली आहे. आणि आठव्या कडव्यातलं यमक तर ओढून आणलंय."

एवढी मोठी बाई आणि केवढी नम्र, असं म्हणून सगळं दालन हसलं आणि कवितेला पडल्या होत्या त्याच्या दुप्पट टाळ्या पडल्या. देवरे माईक हातात धरून उभे होते. याला काही उत्तर होतं, पण ते फक्त कवीला देता आलं असतं. आभार मानायचे तेवढे राहिले होते. त्यांनी सर्वांचे आभार मानले, प्रमुख पाहुण्यांचे विशेष मानले, आणि जागेवर येऊन बसले.